वेदनेची साक्ष

‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ असे म्हणताना आपण दोन गोष्टी एका दमात मान्य करून टाकतो. पहिली, दुसऱ्याचे दुखणे आपल्याला जसेच्या तसे कळू शकत नाही. दुसरी, म्हणून ते ज्याचे त्याने मुकाट्याने सोसावे. पहिलीत पुष्कळ तथ्य आहे. दुसरी मात्र पहिलीतून निघत नाही. तरीही घरात, दवाखान्यात आणि कीर्तन-प्रवचनातसुद्धा ती निघाल्यासारखी धरली जाते. या समजुतीची परीक्षा घ्यायची तर जुनाट अर्धशिशीचे उदाहरण घ्यावे. महिन्यातले १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखते, त्यातल्या किमान ८ दिवशी अर्धशिशीची लक्षणे असतात आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चालते, तेव्हा डॉक्टर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. एमआरआय बहुधा निर्दोष येतो, रक्ताच्या तपासण्या ठीक असतात, ताप नाही, सूज नाही, पट्टी बांधावी अशी जखम नाही. पुरावा म्हणून दाखवायला रुग्णाकडे स्वतःच्या शब्दाखेरीज काहीच नसते. अशा माणसाला त्याच दुखण्याच्या दुसऱ्या माणसाची सोबत मिळाली तर तिने नेमके काय साधते? धीर येतो, बरे वाटते, हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे की ही सोबत मुळात ज्ञानाच्या व्यवहारात मोडते. तिथे रुग्णाचा शब्द पुरावा म्हणून स्वीकारला जातो, आणि तो स्वीकारला गेला की कोणत्याही गोळीने न जाणारा थकव्याचा एक मोठा भाग उतरू लागतो.

हा थकवा कशाकशाचा बनलेला आहे ते आधी पाहायला हवे. अर्धशिशी म्हणजे नुसते डोके दुखण्याचे तास नव्हेत. झटका येण्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवसापासूनच, जांभया येतात, मान आखडते, काहीतरी गोड खावेसे वाटते, मन कशात लागत नाही. मग प्रत्यक्ष दुखणे, उपचार न केल्यास ४ ते ७२ तास. ते ओसरल्यावरही बऱ्याच जणांचा पुढचा दिवस अंगात त्राण नसल्यासारखा जातो. साधा शब्द वेळेवर आठवत नाही, दोन ओळींचा निरोप लिहायला कष्ट पडतात. महिन्यातून पंधरा दिवस ज्याचे डोके दुखते त्याचे उरलेले पंधरा दिवसही मोकळे नसतात ते यामुळे. त्यात गोळ्यांचा हिशेब. अर्धशिशीवरची ट्रिप्टान गटातली औषधे महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, साधी वेदनाशामके १५ किंवा अधिक दिवस, अशी काही महिने घेतली गेली तर त्या औषधांनीच डोके दुखू लागण्याचा धोका असतो. म्हणून दुपारी दोन वाजता, समोर फायली आणि डोक्यावर लुकलुकणारी ट्यूबलाइट असताना, पर्समधली गोळ्यांची पट्टी हातात धरून बसलेली बाई मनात मोजत असते. या महिन्यातली ही सातवी की आठवी? आत्ता घेतली आणि शनिवारी भाच्याच्या लग्नात झटका आला तर? थांबले आणि तासाभरात ओकाऱ्या सुरू झाल्या तर गोळी पोटात टिकेल का? हा निर्णय तिला दर वेळी एकटीने घ्यायचा असतो, आणि दुखत्या डोक्याने घ्यायचा असतो.

याच्यावर चढतात ते समजावून सांगण्याचे श्रम. ‘काल तर छान हसत होतीस.’ ‘चष्म्याचा नंबर तपासलास का?’ ‘पित्त असणार, एकदा ओकून टाक.’ ‘फार विचार करतेस तू.’ यांतले एकही वाक्य दुष्टपणाने म्हटलेले नसते, पण प्रत्येक वाक्यानंतर तिला आपली बाजू पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते. आजार दुर्मिळ असता तर कदाचित असे झाले नसते. बंगळुरू आणि आसपासच्या ग्रामीण भागात झालेल्या एका मोठ्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचे प्रमाण चारात एक एवढे आढळले. साधी डोकेदुखी तर प्रत्येकाने अनुभवलेली असते. अडचण इथेच आहे: हे दुखणे आपल्याला माहीत आहे असे सगळ्यांनाच वाटते. कर्करोगाच्या रुग्णाला कोणी ‘मलाही होतं अधूनमधून’ असे म्हणत नाही. फिलाडेल्फियातल्या रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजारामुळे वाट्याला येणारी हेटाळणी मोजली गेली, तेव्हा जुनाट अर्धशिशीच्या रुग्णांचा आकडा अपस्माराच्या रुग्णांपेक्षा वर गेला. आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध दिसला तो काम करता न येण्याशी. फिट आलेली लोकांना दिसते. अर्धशिशीत दिसतात ते फक्त रजेचे अर्ज.

शब्दाला पुरावा मानायचे की नाही, या प्रश्नावर आपल्या परंपरेत फार बारकाईने विचार झालेला आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आणि आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायन पुढे जे म्हणतो ते मला फार मोलाचे वाटते: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते. म्हणजे प्रामाण्य कुळाने येत नाही, विषयाच्या साक्षात ओळखीने येते. या कसोटीवर स्वतःच्या डोकेदुखीविषयी कोणाचा शब्द प्रमाण, हे वेगळे सांगायला नको. आपण मात्र तो शब्द बाजूला ठेवून अनुमानाच्या मागे लागतो. चेहरा तर ठीक दिसतो, मघाशी फोनवर बोलत होती, म्हणजे फारसे दुखत नसणार. धूर नाही, म्हणून अग्नी नाही, अशा जातीचे हे अनुमान आहे. त्यातला दोष दाखवायला तर्कशास्त्राचे पंडित तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देत आले आहेत: तिथे अग्नी आहे आणि धूर नाही. धुरावरून अग्नी सिद्ध होतो. धूर नसण्यावरून अग्नी नसणे सिद्ध होत नाही. अर्धशिशीच्या रुग्णाचे डोके हा तो तापलेला गोळा आहे.

मग विश्वास ठेवणारा कोणीही पुरेल, समदुःखीच कशाला हवा, असे विचारता येईल. विश्वास ठेवणारी बहीण, नवरा, डॉक्टर ज्याला लाभले तो भाग्यवान, यात शंका नाही. पण विश्वास ठेवणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. विश्वास ठेवणाऱ्याला सगळे सांगावे लागते. ओळखणारा पुढचे वाक्य आपणच बोलतो. तो विचारतो, कोणत्या बाजूला? आधी उजेड खुपतो की वास? केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते का? हा शेवटचा प्रश्न ऐकून चपापणारे रुग्ण थोडे नसतील, कारण कंगवा लागला तरी दुखते हे आजवर कोणाला सांगायचीच सोय नव्हती. सांगितले असते तर ‘मनाचे खेळ’ म्हणून वर आणखी एक शेरा मिळाला असता. झटका आलेल्याची त्या भागातली कातडी हळवी होणे हे वैद्यकाला चांगले ठाऊक असलेले लक्षण आहे. पण ते लक्षण आहे हे कळण्याआधी, ते दुसऱ्या कोणाला तरी होते हे कळणे, यातच माणसाला स्वतःच्या अनुभवावर पुन्हा भरवसा ठेवता येऊ लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दिसते. अ‍ॅन कॉनवे १६३१ साली लंडनमध्ये जन्मली. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिला मोठा ताप आला आणि त्यानंतर डोकेदुखीने तिला मरेपर्यंत सोडले नाही. वर्णनांवरून अनेक अभ्यासक ती अर्धशिशीच मानतात. मुलींना विद्यापीठ बंद होते, म्हणून केंब्रिजचा तत्त्वज्ञ हेन्री मोर याने तिला पत्रांतून फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त शिकवला. रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वेपासून मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिणाऱ्या थॉमस विलिसपर्यंत त्या काळच्या नामांकित वैद्यांनी तिच्यावर उपाय केले. पारा देऊन झाला. १६५६ साली ती कवटीला भोक पाडून घ्यायला पॅरिसला गेली. तिथल्या शल्यवैद्यांना ते धाडस झाले नाही, त्यांनी मानेतल्या रक्तवाहिन्या उघडून रक्त काढले. १६६६ मध्ये हात फिरवून रोग बरे करणारा म्हणून गाजलेला आयर्लंडचा व्हॅलेंटाइन ग्रेटरॅक्स वॉरिकशरमधल्या तिच्या रॅग्ली हॉल या घरी येऊन गेला. तिला गुण आला नाही. एकुलते एक मूल देवीने दगावले होते, तिलाही देवी येऊन गेल्या होत्या. या सगळ्या काळात मोरची पत्रे येत राहिली, ईश्वरेच्छेपुढे मन शांत ठेवण्याविषयीची, विद्वत्तेने भरलेली आणि मनापासून लिहिलेली.

आणि मग १६७० नंतर तिची क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांशी ओळख झाली. या पंथाची माणसे त्या वेळी श्रद्धेपायी तुरुंगात जात होती, दंड भरत होती, घरदार गमावत होती. मोरला हा पंथ उथळ आणि आवेशी वाटे. आपल्या सर्वांत बुद्धिमान शिष्येने त्यांच्यात बसावे हे त्याला रुचले नाही. कॉनवेने त्याला १६७६ च्या सुमारास जे उत्तर पाठवले त्याचा आशय असा: आजार आणि इतर संकटे शांतपणे सोसलेल्या जिवंत माणसांच्या ओळखीने माझ्यात जी श्रद्धा जागते, ती सहनशीलतेवरच्या विद्वत्तापूर्ण प्रवचनांनी जागत नाही. घरातही तिला ही शांत, गंभीर, कमी बोलणारी माणसे सेवेला हवीशी झाली, कारण तिच्या डोक्याला ती मानवत. १६७७ मध्ये तिने हा पंथ स्वीकारला आणि १६७९ साली ती वारली. डोकेदुखी अखेरपर्यंत गेली नव्हती. इथे आक्षेप येईल की क्वेकरांना काही अर्धशिशी नव्हती. खरे आहे, आणि त्यामुळे माझे म्हणणे थोडे रुंद करावे लागते: सोबत्याचे निदान तेच असले पाहिजे असे नाही, पण दीर्घकाळ, सुटकेची खात्री नसताना सोसण्याचा अनुभव मात्र हवा. कॉनवेचा ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर १६९० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला लॅटिनमध्ये छापला गेला. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने तिचे नाव आदराने घेतले आहे. देह आणि आत्मा ही दोन सर्वस्वी वेगळी द्रव्ये असतील तर देहाच्या दुखण्याने आत्मा का तळमळतो, असा तिचा त्यात देकार्तला आणि स्वतःच्या गुरूलाही सवाल आहे. जी वेदना वैद्यांना दिसत नव्हती ती तिने तत्त्वज्ञानात पुरावा म्हणून मांडली. दुःखाने जीव शुद्ध होत जातो, हे तिचे दुसरे मत मात्र मी स्वीकारू शकत नाही. ते तिने स्वतःपुरते म्हणावे, दुसऱ्याच्या दुखण्याविषयी ते म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आपल्याकडचा सर्वांत गंभीर आक्षेप तितिक्षेचा आहे. सुखदुःखे येतात आणि जातात, ती सोसावीत, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. शंकराचार्यांच्या नावे चालत आलेला विवेकचूडामणी आणखी पुढे जातो: प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणे ही तितिक्षा. मग चार रुग्णांनी जमून डोकेदुखीविषयी बोलणे हा विलापच नाही का? माझे उत्तर असे. तितिक्षा ही मोक्षाची इच्छा धरलेल्या साधकाने स्वतःहून घेतलेली साधना आहे. शम, दम यांच्या पंक्तीत तिचे स्थान आहे. ती दुसऱ्यावर लादण्याची शिस्त नाही. सासूने सुनेला किंवा वरिष्ठाने कारकुनाला तितिक्षा शिकवायला जाणे म्हणजे स्वतःची गैरसोय टाळण्यासाठी शास्त्र वापरणे. शिवाय गीता सुरू कशी होते ते पाहावे. अर्जुनाला अंग गळाल्याचे, तोंड कोरडे पडल्याचे, कातडीची आग होत असल्याचे एकेक लक्षण सांगू दिले जाते, आणि तो अध्याय संपेपर्यंत कृष्ण उपदेश करत नाही. पूर्वकर्माचे फळ म्हणून भोगायला सांगणाऱ्यांना एवढेच विचारायचे की मोडलेला हातही त्याच हिशेबात धरता ना? त्याला प्लास्टर घालताना कोणाला धर्म आड येत नाही.

बौद्ध परंपरेत संयुत्त निकायातला दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण देहाच्या वेदनेचा. अज्ञानी माणसाला त्यामागून मनाच्या तळमळीचा दुसराही लागतो, ज्ञानी माणसाला लागत नाही. हल्ली हा दृष्टान्त ‘दुसरा बाण तुम्हीच मारून घेता, तेव्हा मन आवरा’ अशा सुटसुटीत सल्ल्यासारखा फिरतो. मला या सल्ल्यात मोठी उणीव दिसते. अर्धशिशीच्या रुग्णाला दुसरा बाण पुष्कळदा बाहेरून येतो आणि इतकी वर्षे येत राहतो की पुढे कोणी काही बोलण्याआधी रुग्ण स्वतःलाच विचारू लागतो: आपण नाटक तर करत नाही ना? खरेच उठता येत नाही, की उठायचे नाही? आता शंका स्वतःच्याच साक्षीवर आहे. ती एकट्याने डोळे मिटून बसल्याने कशी फिटावी? साक्षीदारावरच संशय असेल तर दुसरा साक्षीदार लागतो. ध्यान आणि श्वसनाचे व्यायाम यांना माझा विरोध नाही. शिथिलीकरणाचे प्रशिक्षण अर्धशिशीत उपयोगी पडते हे वैद्यकानेही मान्य केले आहे. पण या शंकेचे उत्तर त्यांच्याजवळ नाही.

फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेल हिला १९३० च्या सुमारापासून भयंकर डोकेदुखी होती. झटक्यात असताना दुसऱ्या कोणाच्या तरी कपाळावर नेमक्या त्याच जागी मारावे अशी तीव्र इच्छा होते, असे तिने टिपून ठेवले आहे. इतक्या निर्मळ बाईने हे लिहिले, म्हणून ते जास्त विचारात घ्यावे. वेदना एका जागी राहायला तयार नसते, ती दुसऱ्याकडे जाऊ पाहते. घरात ती मुलांवर ओरडण्यातून, भांडी आपटण्यातून बाहेर पडते आणि मग अपराधीपणाचा एक थर आणखी चढतो. जिथे ऐकणाऱ्याला ती नवी नाही तिथे ती कोणाला न दुखवता बोलता येते. उलट बाजूही खरी आहे. निव्वळ तक्रारींची उजळणी करणारा गट माणसाला आजारात आणखी खोल रुतवतो, आजार हीच ओळख होऊन बसते. एकाच्या गोळीचा डोस दुसरा उचलतो, कोणाच्या जावेला लागू पडलेला काढा सगळ्यांना सांगितला जातो. म्हणून अशा सोबतीत औषध कोणी सुचवू नये, हा नियम मला अनुभव सांगण्याच्या मुभेइतकाच महत्त्वाचा वाटतो. अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी, हातापायातली शक्ती जाणे, तापाबरोबर मान ताठणे, अशा वेळी मित्रमंडळ गाठायचे नसते, रुग्णालय गाठायचे असते. अशा सोबतीने झटक्यांची संख्या घटते असाही माझा दावा नाही. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, झटके टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधे आहेत, २०१८ पासून खास अर्धशिशीसाठी बनवलेली इंजेक्शनेही आली आहेत, जरी ती अनेकांच्या खिशाला परवडत नाहीत. सोबतीचे काम वेगळे आहे आणि ते तिच्याकडूनच होते. महाराष्ट्राला हे नवे नाही: पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्याने आलेल्यांना आधार देतात, आणि त्याच शहरात पार्किन्सन्सच्या रुग्णांचे मित्रमंडळ उभे आहे.

धर्म पाळणाऱ्या घरांना एक विनंती आहे. उपाशी राहण्याने अनेकांचा झटका ओढवतो. चतुर्थीचा उपास सोडणारी, नवरात्रात सकाळी सातला पोळी खाणारी, उदबत्तीच्या वासाने आरतीतून उठून जाणारी, मिरवणुकीतल्या ढोल-ताशापासून लांब राहणारी सून किंवा मुलगा श्रद्धेत कमी पडलेला नसतो. त्याला कारण विचारायचेच असेल तर एकदा विचारा, आणि सांगेल ते प्रमाण माना. आणि ज्यांनी हा आजार दहा-पंधरा वर्षे वागवला आहे त्यांनी, डोके शांत असलेल्या एखाद्या संध्याकाळी, ओळखीतल्या नुकतेच निदान झालेल्या एकाला तरी फोन करावा. उपाय सांगू नये. कोणत्या बाजूला दुखते, एवढे विचारून ऐकत बसावे.